जुनी गाडी घेताय? आधी चॅसिस नंबर मागा

मुलं मोठी होतात आणि एके दिवशी स्कूटरवर चौघं मावेनासे होतात. त्यात आजीचे गुडघे, पावसाळा, रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ. नवी गाडी बजेटच्या बाहेर असते. मग घरात ठरतं की सेकंड हँड बघू. गोहलपूरच्या एखाद्या गल्लीत ही चर्चा सुरू झाली की चार दिवसांत दहा गाड्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. सोबत ठरलेली वाक्यंही येतात. ‘सिंगल ओनर है भैया’, ‘डॉक्टर की गाड़ी है, बस क्लिनिक तक जाती थी’, ‘एक खरोंच दिखा दो’.

तुम्ही गाडी बघायला जाता. बाबा टायरला पाय लावून बघतात, काका बॉनेट उघडतात, वहिनी एसी लावून बघतात, मुलं मागच्या सीटवर उड्या मारून गाडी पास करून टाकतात. सौदा ठरतो. या सगळ्यात एक प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. या गाडीला कंपनीने कधी परत बोलावलं होतं का, आणि बोलावलं असेल तर ते काम झालं का?

कंपनीच्या या परत बोलावण्याला रिकॉल म्हणतात. गाडी विकल्यानंतर तिच्या एखाद्या भागात दोष असल्याची शंका आली, तर कंपनी ठरावीक काळात बनलेल्या गाड्या सर्व्हिस सेंटरला बोलावते, तो भाग तपासते आणि गरज असेल तर मोफत बदलून देते. पैसे लागत नाहीत. अडचण एवढीच की ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचावी लागते, आणि जुनी गाडी घेणाऱ्यापर्यंत ती सहसा पोचत नाही.

एकाच गाडीला दोनदा बोलावणं

जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या परत बोलावल्या. शंका फ्युएल पंपाबद्दल होती, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवणाऱ्या पंपाबद्दल. यात १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या एक लिटर इंजिनच्या वॅगन आर होत्या आणि ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या पेट्रोल बलेनो होत्या. टोयोटाची ग्लान्झा ही मुळात बलेनोच, फक्त बिल्ला वेगळा. त्यामुळे टोयोटानेही सुमारे साडेसहा हजार ग्लान्झा बोलावल्या.

मार्च २०२४ मध्ये मारुतीने पुन्हा ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगन आर बोलावल्या. या गाड्या ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळातल्या. शंका पुन्हा फ्युएल पंपाच्याच मोटरमधल्या एका भागावर. क्वचित प्रसंगी इंजिन चालता चालता बंद पडू शकतं किंवा सुरूच होत नाही, असं कंपनीने स्वतः सांगितलं होतं.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये बनलेली बलेनो दोन्ही याद्यांमध्ये असू शकते. दुसरं बोलावणं आलं तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. चार-पाच वर्षांनी आपल्याकडे कितीतरी गाड्या हात बदलतात. फोन गेला असेल तर तो कंपनीच्या नोंदीत असलेल्या नंबरवर, म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या मालकाला. त्याने ‘गाडी तर विकली’ म्हणून ठेवून दिला असेल आणि विषय तिथेच संपला असेल. म्हणून विकणारा ‘हो हो, रिकॉलचं काम झालंय’ म्हणाला, तरी कुठलं झालंय आणि कधी झालंय हे विचारायला हवं. तो खोटंच बोलत असेल असं नाही. २०२० चं काम झालं असेल आणि २०२४ चं त्याला माहीतच नसेल.

इंजिन बंद पडणं ही गोष्ट दमोह नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये त्रासाची असते. मागून हॉर्न वाजतात, दोन माणसं धक्का मारतात आणि गाडी बाजूला लागते. पण जबलपूरच्या किती तरी मराठी घरांचं माहेर किंवा सासर नागपूर असतं. लखनादौन, सिवनी, मग कुरई घाट, पेंचचं जंगल, मनसर, आणि मग नागपूर. जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटर. मागे ट्रक लागलेला असताना घाटात इंजिन गेलं, स्टीअरिंग जड झालं, ब्रेक दाबायला दुप्पट जोर लागायला लागला, तर आत कोण बसलंय याचा विचार करा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर उगाच भीती बसेल. रिकॉलच्या यादीत गाडी आहे याचा अर्थ ती खराब आहे असा नाही. लाखभर गाड्या बोलावल्या जातात त्या तपासण्यासाठी आणि दोष त्यातल्या काहींतच निघतो. रिकॉल झालेली आणि काम पूर्ण झालेली गाडी बिनधास्त घ्या. ते काम राहून गेलेली गाडीसुद्धा घ्या, पण नागपूरला नेण्याआधी ते करून घ्या.

नंबर प्लेट नव्हे, चॅसिस नंबर

तपासायचं कसं? नंबर प्लेटवरून सुरुवात करायला हरकत नाही. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत अशी माहिती मिळते. मालकाचं नाव आणि चॅसिस नंबर मात्र अर्धवट झाकलेले असतात आणि रिकॉल तपासायला तोच पूर्ण नंबर लागतो. म्हणून विकणाऱ्याकडे आरसीच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो मागा.

आरसीवर तीन गोष्टी बघायच्या. पहिली, ओनर सिरियल, म्हणजे हा कितवा मालक. ‘सिंगल ओनर’ची शपथ इथेच खरी-खोटी ठरते. दुसरी, निर्मितीचा महिना आणि वर्ष. लोक इथे फसतात. रिकॉलची यादी गाडी कारखान्यात कधी बनली त्यावरून ठरते. तुम्ही ती कधी विकत घेतली किंवा आरटीओत कधी नोंदली याच्याशी तिचा संबंध नसतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये बनलेली गाडी शोरूममध्ये उभी राहून जानेवारी २०२० मध्ये नोंदली गेली, तर विकणारा तिला ‘२०२० मॉडेल’ म्हणून विकतो. तुम्हीही ‘रिकॉल तर २०१९ च्या गाड्यांचा होता’ म्हणून निश्चिंत होता.

तिसरी गोष्ट म्हणजे चॅसिस नंबर. हा सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. तुम्ही लिहून घेताना ओ लिहिला असेल तर तो शून्य आहे असं समजा. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांच्या नंबरची सुरुवात ‘एमए३’ने होते आणि पुढे चौदा अक्षर-आकडे असतात. हाच नंबर गाडीच्या लोखंडावर कोरलेला असतो. जागा मॉडेलप्रमाणे बदलते, बहुतेक बॉनेटखाली किंवा पुढच्या सीटच्या पायाशी. गाडी बघायला जाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावून आरसीवरचा नंबर आणि कोरलेला नंबर एकेक अक्षर जुळवा. कोरलेल्या जागी घासल्याच्या खुणा, नवा रंग किंवा वेडीवाकडी अक्षरं दिसली तर चहा पिऊन घरी परत या. पुढे बोलण्यासारखं काही नाही.

नंबर हातात आला की दोन रस्ते आहेत. कंपनीच्या वेबसाइटवर ग्राहकांसाठी महत्त्वाची माहिती किंवा सर्व्हिस कॅम्पेन अशा नावाचं पान असतं. तिथे चॅसिस नंबर टाकला की गाडी यादीत आहे की नाही ते कळतं. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. त्याच कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, काउंटरवर चॅसिस नंबर द्या आणि विचारा, ‘या गाडीवर कुठलं कॅम्पेन बाकी आहे का?’ त्यांच्या कॉम्प्युटरवर कुठलं काम झालं आणि कुठलं राहिलं हे दिसतं. शक्य असेल तर विकणाऱ्यालाच सोबत न्या. त्याची गाडी, त्याचा नंबर, त्यामुळे माहिती द्यायला कुणी का-कू करत नाही. आणि तो यायलाच तयार नसेल, तर तेही एक उत्तरच झालं.

शाळेची व्हॅन, पावसाळा आणि काही याद्या

फक्त एकाच कंपनीचं किंवा एकाच भागाचं हे दुखणं नाही. गेल्या काही वर्षांतल्या ज्या याद्या आपल्यासारख्या घरांना लागू पडतील, त्या सांगते.

सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सियाझ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ यांच्या पेट्रोल मॉडेल्सच्या १,८१,७५४ गाड्या बोलावल्या. ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या. शंका मोटर जनरेटर युनिटवर होती. त्या वेळी कंपनीने मालकांना सांगितलं होतं की तपासणी होईपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाणी न साचलेला रस्ता कुठून आणायचा, हा प्रश्न वेगळा. पण आज जी सात सीटची अर्टिगा ‘फॅमिली के लिए बेस्ट’ म्हणून तुम्हाला दाखवली जातेय, ती २०१९ ची पेट्रोल असेल तर हे तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.

जुलै २०२३ मध्ये ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको बोलावल्या गेल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या. दोष स्टीअरिंगच्या टाय रॉडमधला. तुम्ही स्टीअरिंग फिरवता तेव्हा ते वळण चाकापर्यंत पोचवणारा हा दांडा. तो तुटला तर गाडी हातात राहत नाही. ईको आपल्याकडे किती ठिकाणी शाळेची व्हॅन म्हणून धावते ते तुम्हाला माहीत आहे. तुमचं मूल अशा व्हॅनमधून जात असेल तर व्हॅनवाल्या भैयांना एकदा विचाराच. गाडी तुमच्या नावावर नसली म्हणून काय झालं!

जानेवारी २०२३ ची यादी छोटी होती, १७,३६२ गाड्या, पण तिचा सूर कडक होता. अल्टो के१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड व्हिटारामधल्या, ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ दरम्यान बनलेल्या गाड्यांच्या एअरबॅग कंट्रोलरवर शंका होती. भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असं कंपनीने सांगितलं होतं. महिंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये एक लाखाहून जास्त एक्सयूव्ही७०० बोलावल्या. इंजिनाच्या खणातली वायर घासून कापली जाण्याची भीती होती.

उलट काही रिकॉल जिवावरचे नसतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ४०,४५३ ईको बोलावल्या त्या हेडलाइटवरच्या एका खुणेसाठी. फोक्सवॅगन समूहाने डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार डिझेल गाड्या बोलावल्या त्या धुराच्या चाचणीतल्या लबाडीमुळे. म्हणून यादीत नाव दिसलं की दचकू नका. आधी काय दुरुस्त करायचं होतं ते विचारा.

गाडी जुनी झाली की रिकॉल जुना होत नाही

‘अहो, बारा वर्षांची गाडी आहे, आता कसला रिकॉल?’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. याचं उत्तर ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगने दिलं आहे.

एअरबॅग फुगवायला एक छोटा स्फोट घडवावा लागतो. ताकाताच्या फुगवणाऱ्या डबीत अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागून ते बिघडत जातं. मग अपघाताच्या वेळी ते इतक्या जोराने पेटतं की धातूची डबीच फुटते आणि तिचे तुकडे समोर बसलेल्या माणसावर येतात. म्हणजे हा दोष गाडीच्या वयाबरोबर वाढत जाणारा आहे. जगभरात अशा सुमारे दहा कोटी डब्या परत मागवल्या गेल्या आणि २०१७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. भारतात होंडाने जुलै २०१६ मध्ये सुमारे १ लाख ९० हजार गाड्या आणि जानेवारी २०१७ मध्ये आणखी ४१,५८० गाड्या याच कारणाने बोलावल्या. त्यात सिटी, सिविक, जॅझ, सीआर-व्ही अशा गाड्या होत्या. जुनी होंडा सिटी आजही बाजारात तिच्या रुबाबावर विकली जाते. ती २०१३ च्या आधीची असेल तर एअरबॅगचं काम झाल्याची नोंद बघितल्याशिवाय मुलाला पुढच्या सीटवर बसवू नका. खरं तर लहान मुलाला पुढे बसवूच नये, पण तो वेगळा विषय.

कायदा काय म्हणतो

बराच काळ आपल्याकडे हे सगळं कंपन्यांच्या मर्जीवर होतं. वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने जुलै २०१२ मध्ये स्वतःहून रिकॉल करण्याची पद्धत सुरू केली. कंपन्यांनी केलेल्या रिकॉलची यादी त्यांच्या वेबसाइटवर बघता येते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला आणि ११०-ए हे कलम आलं. त्यानुसार सरकार सक्तीने गाड्या परत बोलवायला लावू शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी मालक सरकारच्या वाहन पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवू शकतात. विक्रीच्या प्रमाणात तक्रारी ठरावीक आकड्याच्या वर गेल्या की चौकशी होते. सक्तीचा रिकॉल करावा लागला तर कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. तुम्ही दुसरे मालक असलात तरी गाडी तुमच्या नावावर असेल तर तक्रार तुम्हीच करायची.

ज्यांची लेक किंवा भाचा अमेरिकेत आहे त्यांना तिथली सोय माहीत असेल. तिथल्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या वेबसाइटवर सतरा अक्षरांचा नंबर टाकला की गाडी कुठल्याही कंपनीची असो, बाकी राहिलेला रिकॉल लगेच दिसतो. आपल्याकडे प्रत्येक कंपनीच्या दारात जाऊन विचारावं लागतं. जरा पायपीट आहे, पण फुकट आहे.

वर्ष बघा, आणि मागचं वर्षही बघा

रिकॉलच्या पलीकडे सुरक्षेची एक गोष्ट फक्त तारखेवरून कळते. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरसमोर एअरबॅग, सीट बेल्टची आठवण करून देणारा आवाज आणि रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. ड्रायव्हरशेजारची एअरबॅग सगळ्या कारमध्ये २०२२ पासून आली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेल्समध्ये यातलं काहीच नसण्याची शक्यता आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवून बघितल्या. अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या या मॉडेल्सना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर पोलोत एअरबॅग सगळ्या मॉडेल्सना देण्यात आल्या. म्हणजे एकाच नावाची, एकाच रंगाची गाडी, पण आधीची आणि नंतरची यात जमीन-अस्मानाचा फरक.

माझं मत विचाराल तर २०१७ च्या टॉप मॉडेलच्या सनरूफपेक्षा २०२० चं साधं मॉडेल बरं.

एअरबॅग असेल तर ती जिवंत आहे का तेही बघा. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो. तो विझलाच नाही तर बिघाड आहे. तो लागलाच नाही तर जास्त वाईट, कारण अपघातात एअरबॅग उडून गेल्यावर नवी न बसवता दिव्याचीच वायर काढून टाकलेली असू शकते.

तिचा स्वतःचा इतिहास

मॉडेल कितीही चांगलं असलं तरी तुम्ही घेताय ती एकच गाडी, आणि तिच्यावर काय गुजरलंय ते वेगळं असतं. सर्व्हिस सेंटरला रिकॉल विचारायला जालच, तेव्हा सर्व्हिसची नोंदही मागा. प्रत्येक भेटीला किती किलोमीटर होते ते त्यात लिहिलेलं असतं. २०२१ मध्ये ५८ हजार आणि आज मीटरवर ४१ हजार, असं दिसलं तर हिशोब तुम्हीच करा. नोंदीत तीन वर्षांची पोकळी असेल तर गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये जात होती का, बिलं आहेत का, हे विचारा. बाहेरचं गॅरेज म्हणजे वाईट असं मुळीच नाही. नोंदच नसणं वाईट.

टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ‘पंचवीस हजारच चालली’ म्हणणाऱ्याच्या गाडीला चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले कसे, हा साधा प्रश्न आहे. काचांवरही बनवल्याचं वर्ष सूचित करणारी खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का फुटली ते विचारा.

नागपूरहून गाडी आणणार असाल तर पाण्याची चौकशी करा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून, अत्तर मारून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतला पट्टा मातकट निघाला तर समजा. पायाखालची मॅट आणि खालचा गालिचा उचलून गंज बघा. एसी न लावता काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. ओल नाकाला कळते. बुडालेल्या गाडीचं इंजिन सुधारतं, पण वायरिंग पुढची दोन-तीन वर्षं एकेक दुखणं काढत राहतं.

आणि मॉडेलची कीर्ती

कुठलं मॉडेल भरवशाचं हे विचारायला सगळ्यात चांगली माणसं म्हणजे टॅक्सीवाले. त्यांचं गाडीवर प्रेम नसतं. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की त्यांची चूल अडते. स्टेशनवर ज्या गाड्या रांगेत उभ्या दिसतात, त्यांचे भाग जवळच मिळतात आणि त्या दुरुस्त करणारे हातही. दुसरं नाव तुमच्या मोहल्ल्यातल्या मेकॅनिकचं, ज्याला या सौद्यात कमिशन नाही अशाचं. त्याला शे-पाचशे रुपये देऊन गाडी बघायला न्या आणि त्याच्याकडे स्कॅनर असेल तर लावायला सांगा. कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे कोड दिसतात.

जबलपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या व्हेइकल फॅक्टरीत वर्षानुवर्षं लष्करासाठी गाड्या बनल्या. जोंगा हे नावही ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’च्या आद्याक्षरांवरून आलं. घरात फॅक्टरीतून निवृत्त झालेले कुणी आजोबा किंवा काका असतील तर त्यांना आधी न्या. त्यांचा कान स्कॅनरपेक्षा तिखट असतो.

कंपनी देशात उरलीय का हेही बघा. शेवरलेने २०१७ मध्ये भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात आणि काही खरोखर छान आहेत, पण एखादा सेन्सर मिळायला तीन आठवडे लागले तर तेवढी सवड तुमच्या घरात आहे का? उलट फियाटची कार इथून गेली, पण तिचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत बसलं की त्याचे भाग आजही मिळतात.

नवीन काळातलं डिझेल घेताना आणखी सावध राहा. बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज गोहलपूर ते राइट टाउन आणि परत, एवढंच धावणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि बदलायचा खर्च दणका देतो. महिन्यातून एकदा नागपूर करणार असाल तर डिझेल, नाहीतर पेट्रोल किंवा सीएनजी.

सौदा झाल्यावर

कागदांचं थोडक्यात सांगते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. नागपूरच्या मामांकडून एमएच नंबरची गाडी आणली तर तिथल्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८ सुद्धा, आणि मध्य प्रदेशातला रस्ता कर. बाकी चलान आहेत का ते ई-चलानच्या वेबसाइटवर आणि चोरीची गाडी नाही ना ते एनसीआरबीच्या वाहन सेवेवर बघता येतं. डीलरकडून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरलाही आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते दाखवायला सांगा.

रिकॉलचं काम बाकी निघालं तर भाव करताना ते आरडाओरडा करून वापरू नका. काम मोफत होणार आहे, विकणाराही ते जाणतो. फक्त अट घाला की काम झाल्याचा जॉब कार्ड हातात आल्यावरच उरलेले पैसे. भाग शिल्लक नसेल तर कधी कधी आठवडा-दोन आठवडे थांबावं लागतं.

आणि नाव बदललं की दोन ठिकाणी स्वतःचा मोबाइल नंबर नोंदवा. एक, आरटीओच्या वाहन पोर्टलवर. दोन, त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, पहिल्या मालकाचा नंबर काढून. दुसरं काम काउंटरवर पाच मिनिटांत होतं, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. पुढचं बोलावणं येईल तेव्हा फोन तुम्हाला आला पाहिजे.